खालचं कोण बघतंय?

‘खालचं कोण बघतंय?’ हे वाक्य मराठी माणसाने पहिल्यांदा केव्हा उच्चारलं, यावर अजून कुणी प्रबंध लिहिलेला नाही. माझा अंदाज असा, की ज्या दिवशी पहिल्या शिंप्याने पहिल्या गिऱ्हाइकाला सदऱ्याची शिवण फक्त बाहेरून दाखवली, त्या दिवशी. तेव्हापासून या वाक्याची घोडदौड चालू आहे. सुतार कपाटाच्या पाठीला खोक्याची फळी ठोकतो आणि म्हणतो, “भिंतीकडे जाणार ते, कोण बघतंय?” रंगारी दाराची वरची कड कोरडीच ठेवतो, कारण तेवढ्या उंचीचे पाहुणे आपल्याकडे येत नाहीत. रस्ता आधी डांबरी गुळगुळीत होतो, उद्घाटन होतं, नारळ फुटतो आणि नारळाच्या शेंड्या वाऱ्याने उडून जायच्या आत केबलवाले, पाणीवाले आणि गॅसवाले कुदळी घेऊन हजर होतात. रस्त्याखाली काय घालायचं, हा विचार रस्ता झाल्यावरच सुचायचा असा आपल्याकडे दंडक आहे.

इतके दिवस मी हे वाक्य मुकाट्याने सोसलं. शिंपी, सुतार आणि कंत्राटदार यांच्याशी वाद घालणाऱ्या माणसाला रक्तदाब होतो, असं माझं निरीक्षण आहे. पण हेच वाक्य माझ्या घरात, माझ्या रेल्वेच्या फळीसमोर उभं राहून, हातात मीच दिलेला चहा धरून माझ्या मेहुण्यांनी उच्चारलं, तेव्हा मात्र ठरवलं, की आता बास. या वाक्याचा एकदा समाचार घेतलाच पाहिजे.

आधी फळीची ओळख करून देतो. सहा फूट बाय चार फूट प्लायवूड, खाली लाकडी चौकट, चौकटीला चार पाय आणि वर रेल्वे. खेळण्यातली नव्हे, मॉडेल रेल्वे. या दोहोंत फरक काय, असं आमची ही विचारते. मी सांगतो, की खेळणं पोराच्या हातात मोडतं आणि मॉडेल पोराच्या हातात देतच नाहीत. आमच्या फळीचं माप एच-ओ, म्हणजे खऱ्या गाडीचा सत्त्याऐंशीवा हिस्सा. दोन रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. या साडेसोळाला ८७ ने गुणलं, की १४३५ मिलिमीटर येतात. ती झाली युरोप-अमेरिकेची स्टँडर्ड गेज. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. तिला या मापात सव्वाएकोणीस मिलिमीटर लागतात. म्हणजे आपलं इंजिन बाजारातल्या रुळांवर चढवलं, की ते धाकट्या भावाच्या चपला घालून लग्नाला निघालेल्या माणसासारखं दिसतं. पण चालतं. चपला कुणाच्या, हे मांडवात कोण बघतंय?

पाहिलंत? या वाक्याचा संसर्ग असा होतो.

माझे मेहुणे हे दिवाळीतल्या किल्ल्यांचे सम्राट. आळीतल्या किल्ल्यांच्या स्पर्धेत त्यांनी लहानपणी जी बक्षिसं मारली, त्यातले स्टीलचे तीन डबे अजून त्यांच्या स्वयंपाकघरात आहेत. हळीव पेरून उगवलेलं गवत, आरशाच्या तुकड्याचं तळं, चुन्याच्या पायवाटा, बुरुजाबुरुजावर मावळे. हा माणूस मातीच्या ढिगाऱ्यातून चार दिवसांत प्रतापगड उभा करत असे. माझी फळी पाहून त्यांच्या अंगात तोच जुना वीररस संचारला.

“दाजी, आधी डोंगर उभा करू. बोरघाट! कागदाचा लगदा भिजत घालतो. दोन बोगदे, एक धबधबा, वर देऊळ, देवळात घंटा. गाडी या बोगद्यातून शिरेल, त्या बोगद्यातून निघेल. बघणारा येडा होईल.”

मी कागद-पेन्सिल घेतली. १८६३ साली सुरू झालेल्या बोरघाटाचा चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर गेल्यावर गाडी एक मीटर वर चढते. या मापात एका गाडीवरून दुसरी न्यायची तर किमान आठ सेंटिमीटर उंची लागते. आठ गुणिले ३७, म्हणजे जवळजवळ तीन मीटर नुसता चढ, आणि तेवढाच उतार. आमची फळी दोन मीटरसुद्धा लांब नाही. वळणाचं बघा. आपल्या ब्रॉडगेजचं कडक वळण १७५ मीटर त्रिज्येचं. भागिले ८७ केलं, की दोन मीटर. म्हणजे गाडी गोल फिरवायला चार मीटर रुंदीची फळी हवी आणि फळीबाहेर उभं राहायला शेजाऱ्यांचा फ्लॅट. “तेव्हा बोरघाट खराखुरा होणार नाही,” मी म्हणालो.

“हिशेब शाळेत करायचे, दाजी. इथे दिसण्याला महत्त्व.”

“बरं. आणि वायरिंग?”

“ते खाली. खालचं कोण बघतंय?”

आता वायरिंग म्हणजे काय, ते ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मॉडेल रेल्वेत इंजिनाला वरून तार नसते आणि पोटात सेल नसतो. त्याला वीज मिळते ती पायाखालच्या रुळांतून. दोन रूळ म्हणजे दोन उघड्या तारा. एकात प्लस, दुसऱ्यात मायनस, मध्ये साधारण १२ व्होल्ट. चाकांतून वीज मोटारीत जाते, मोटार फिरते, गाडी निघते. प्लस-मायनसची अदलाबदल केली, की गाडी उलटी. इतकं हे सोपं आहे, आणि इतक्या सोप्या गोष्टीतच माणसं फसतात.

रूळ अखंड नसतात, तुकड्यांचे असतात. तुकडे एकमेकांना जोडायला नखाएवढ्या पत्र्याची एक चिमटी असते. तिला फिशप्लेट म्हणतात. मेहुण्यांच्या पंथाचं म्हणणं असं, की ही चिमटी बसवली, एका ठिकाणी दोन तारा लावल्या, की काम झालं. वीज चिमटीचिमटीतून पुढे जाईलच. जाते. नव्या नवलाईत पळत जाते. मग ती चिमटी सैलावते, तिच्यावर गंज नाही पण काळपट थर येतो. हे रूळ निकेल सिल्व्हरचे असतात म्हणे. त्यात तांबं, जस्त आणि निकेल असतं, सिल्व्हर अजिबात नसतं. नावावर जाऊ नये ते इथेही. आपल्याकडे श्रावणात बंद डब्यातला पापड सादळतो, तिथे उघड्यावरच्या चिमटीने काय कोरडं राहावं? प्रत्येक जोडाला थोडी वीज गळते. गाडी कंट्रोलरपाशी असते तेव्हा डेक्कन क्वीन असते, फळीच्या पलीकडच्या कोपऱ्यात गेली की मालगाडी होते, आणि बोगद्यात शिरली की वेटिंग रूम.

यावर उपाय अगदी जुना आणि अगदी कंटाळवाणा आहे. फळीखालून जाड तांब्याच्या दोन तारा फिरवायच्या. यांना बस म्हणतात. मला आयुष्यात वेळेवर भेटलेली ही एकच बस. मग रुळाच्या प्रत्येक तुकड्याला एक बारीक तार सोल्डर करून फळीतल्या भोकातून खाली सोडायची आणि बसला जोडायची. प्रत्येक तुकड्याला, दोन्ही बाजूंना. आमच्या फळीवर तुकडे चोवीस, म्हणजे जोड अठ्ठेचाळीस. मागच्या रुळाला लाल, पुढच्याला काळी. प्रत्येक तारेच्या गळ्यात चिठ्ठी. चिमटीकडे मग एकच काम उरतं, रूळ सरळ धरून ठेवायचं. ज्याचा जो धर्म तो त्याने पाळावा, यापलीकडे वायरिंगचं तत्त्वज्ञान नाही.

“खऱ्या रेल्वेत असलं काही नसतं,” मेहुणे म्हणाले. मला अशी वाक्यं फार आवडतात. कारण खऱ्या रेल्वेत हेच असतं.

खऱ्या रेल्वेची फिशप्लेट हातभर लांब, पोलादी, बोल्टांनी आवळलेली. तरी विजेच्या बाबतीत रेल्वेचा तिच्यावर काडीचा विश्वास नाही. जिथे रुळांतून वीज न्यायची, तिथे जोडाला वळसा घालून तारेचा बंध मारतात. १८७२ साली विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन माणसाने एका युक्तीचं पेटंट घेतलं. रुळांच्या एका टोकाला थोडीशी वीज सोडायची, दुसऱ्या टोकाला तिच्यावर रिले धरून ठेवायचा. गाडी आली की तिच्या चाकांमुळे दोन रूळ एकमेकांना भिडतात, रिलेची वीज जाते, सिग्नल लाल होतो. आणि यातली खरी गंमत पुढे आहे. तार तुटली, जोड निखळला, तरी रिलेची वीज जाते आणि सिग्नल लालच होतो. म्हणजे खालचं बिघडलं, की वरच्याने आपोआप ‘थांबा’ म्हणायचं. दीडशे वर्षं लाखो माणसं या एका प्रामाणिकपणावर विसंबून गाडीत झोपी जाताहेत.

मुंबईकरांचंच घ्या. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला पहिली विजेची गाडी गेली, १५०० व्होल्ट डी.सी.वर. आता तिथे २५ हजार व्होल्ट ए.सी. आहे. वरची तार सगळ्यांना दिसते, तिच्याखाली उभं राहून लोक फोटो काढतात. पण वरून आलेली वीज घरी परत जाते ती रुळांवाटे, म्हणजे पायाखालून. जाणाऱ्याला निरोप द्यायला सगळं गाव येतं. परतीच्या वाटेवर दिवा कुणी लावला, ते कुणी विचारत नाही.

मेहुणे माझ्या या व्याख्यानाने जराही हलले नाहीत. त्यांनी स्वतःच्या घरी स्वतःची फळी घातली. पंधरा दिवसांत बोरघाट उभा. मानलं पाहिजे, अप्रतिम झाला होता! डोंगराच्या कड्यांवर पावसाळी हिरवा रंग, कापसाचा धबधबा, बोगद्याच्या तोंडावर माकडं, देवळावर भगवा. खाली मात्र दोनच तारा. उद्घाटनाला आळीतली पन्नासेक माणसं, पेढे, एका निवृत्त स्टेशनमास्तरांच्या हस्ते हिरवं निशाण. गाडी निघाली, टाळ्या पडल्या, गाडी पहिल्या बोगद्यात शिरली, आणखी टाळ्या पडल्या. मग सगळ्यांच्या माना एकदम दुसऱ्या बोगद्याकडे वळल्या. त्या वळलेल्याच राहिल्या.

पहिलं मिनिट उत्कंठेत गेलं. दुसऱ्या मिनिटाला एका पोराने बोगद्यात डोळा लावून ‘दिसत नाही’ असा अहवाल दिला. तिसऱ्या मिनिटाला स्टेशनमास्तर म्हणाले, “घाटात गाड्या थांबतात. मागून बँकर लागत असेल.” मागून बँकर म्हणून मोजपट्टी लावली गेली. तिने डबे रुळांवरून उतरले. बोगद्यात हात जाईना, कारण बोगदा गाडीच्या मापाचा होता आणि माणसाच्या हाताचा विचार झालेला नव्हता. शेवटी डोंगर फोडावा लागला. सुरुवात देवळापासून करावी लागली, कारण बिघाड नेमका गाभाऱ्याखाली होता. एक चिमटी सुटली होती. दोन रुपयांची तार आणि एक थेंब सोल्डर एवढ्यावर जे वाचलं असतं, त्यासाठी एक अख्खा सह्याद्री कामी आला.

मेहुण्यांचं मत बदललं का? छे. त्यांनी आधी इंजिनाला दोष दिला, मग व्होल्टेजला, मग हवेला. शेवटी म्हणाले, “दाजी, खरं सांगू? लोकांना मजा आली ना?”

आता या प्रश्नाला उत्तर दिलं पाहिजे, कारण विरोधकांच्या भात्यातला हा एकच खरा बाण आहे. नुसत्या तारांची फळी कोण बघायला येईल? डोंगर नाही, देऊळ नाही, माणसं नाहीत, अशा उघड्या प्लायवूडवर गोल गोल फिरणारी गाडी दोन मिनिटांत कंटाळा आणते, हे मला मान्य आहे. गाडीला कुठून तरी निघून कुठे तरी जायचं असतं. ते ‘कुठे तरी’ डोंगरवालाच तयार करतो. मी डोंगराच्या विरुद्ध नाही. माझं भांडण क्रमाशी आहे आणि तुच्छतेशी आहे. डोंगर मागून घालता येतो. तार मागून घालायची तर डोंगर फोडावा लागतो. आणि जो माणूस फळीखाली उताणा पडून, डोळ्यांत लाकडाचा भुसा झेलत, गुरुत्वाकर्षणाचा नियम वितळलेल्या सोल्डरलाही लागू आहे हे ध्यानात ठेवून काम करतो, त्याच्या कामाला ‘खालचं’ म्हणायचं आणि मान मात्र माकडं चिकटवणाऱ्याला द्यायचा, हे मला पटत नाही.

या वादात मला अनपेक्षित साक्षीदार मिळाला तो घरातच. आमची ही एरवी माझ्या फळीकडे वाळवणाला सोयीची जागा म्हणून पाहते. पण तिने भावाचं ते वाक्य ऐकलं आणि म्हणाली, “आमच्या शिवणाच्या बाई भरतकामाचा रुमाल हातात घेतला की आधी उलटा करायच्या. मागे गाठी आणि लोंबते दोरे दिसले, की पुढच्या मोराकडे बघायच्यासुद्धा नाहीत.” भाऊ गप्प झाला. माझ्या अठ्ठेचाळीस जोडांना जे जमलं नव्हतं, ते एका रुमालाने केलं.

दुसरी आघाडी नव्या पिढीची. माझा भाचा कॉम्प्युटरवाला. तो म्हणाला, “मामा, हे सगळं जुनं झालं. आता डीसीसी. दोन तारा लावल्या की काम फत्ते.” डीसीसी म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोल. जर्मनीत लेन्झ या कंपनीने ती बसवली आणि १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या एनएमआरए या संघटनेने तिची मानकं ठरवली. यात रुळांवर वीज सतत भरलेली असते आणि त्या विजेतूनच हुकूम जातात. प्रत्येक इंजिनाच्या पोटात एक चिमुकला डिकोडर आणि त्याला एक नंबर. ‘तीन नंबर, चल. सात नंबर, थांब.’ एकाच रुळावर दोन इंजिनं दोन वेगांनी चालवता येतात. फार सुंदर व्यवस्था आहे, यात वाद नाही.

पण जरा विचार करा. पूर्वी सैल जोडातून फक्त वीज गळायची, गाडी मंदावायची. आता वीज आणि हुकूम एकाच वाटेने येतात, म्हणजे सैल जोडात हुकूमही गळतो. इंजिनाने ‘चल’ ऐकलेलं असतं आणि ‘थांब’ ऐकलेलं नसतं! शिवाय या व्यवस्थेच्या मोठ्या पुरवठ्याला पाच-पाच अँपियर सहज असतात. शॉर्ट झालं आणि तेवढा प्रवाह हडकुळ्या तारेतून, सैल चिमटीतून वाहत राहिला, तर रुळाखालचे प्लॅस्टिकचे स्लीपर मेणासारखे मऊ होतात. म्हणजे वर जितकी हुशारी वाढते तितका खालचा जाडपणा जास्त लागतो. ‘दोन तारा’ ही जाहिरात आहे. बस आणि ड्रॉपर तिथेही चुकत नाहीत.

यासाठी परदेशात एक फार गोड परीक्षा आहे. ते लोक खिशातलं नाणं काढतात आणि रुळांवर आडवं ठेवतात. आपला रुपया साडेसोळा मिलिमीटरपेक्षा रुंद आहे, तेव्हा तो छान बसतो. रुपया ठेवताक्षणी पुरवठा तुटला पाहिजे. फळीवर कुठेही ठेवा, फूटभराच्या अंतराने ठेवत जा, दर वेळी तुटला पाहिजे. एखाद्या जागी रुपया ठेवला आणि काहीच झालं नाही, तर खूश होऊ नका. तिथली तार इतकी दुबळी आहे, की संकट आल्याची बातमीसुद्धा वर पोचत नाही. रुपया ठेवल्यावर सगळीकडे शांतता असणं, हे शांततेचं लक्षण नव्हे.

हे मी फळीबद्दल सांगतो आहे असं वाटत असेल, तर आमच्या सोसायटीची गोष्ट ऐका.

आमची इमारत तीस वर्षांची. मीटरच्या खोलीतलं वायरिंगही तीस वर्षांचं. बांधली तेव्हा घरटी एक फ्रिज आणि चार पंखे होते. आता घरटी दोन एसी, गिझर, मायक्रोवेव्ह आणि काय काय. वार्षिक सभेत मी उभा राहून म्हणालो, की या वर्षी मुख्य तारा बदलू. सेक्रेटरींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि फाटकावर कमान घालायचा ठराव मांडला. पितळी अक्षरांत सोसायटीचं नाव, दोन बाजूंना दोन हत्ती. लिफ्टसमोर इटालियन संगमरवर. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर. मी तारांचं पुन्हा काढलं, तेव्हा ते हसून म्हणाले, “काका, मीटरच्या खोलीत कोण जातंय?” तेच वाक्य. फक्त ‘खालचं’च्या जागी ‘मीटरची खोली’.

गणपतीत कमानीवर रोषणाई झाली. दुसऱ्या दिवशी आरतीच्या वेळी फ्यूज उडाला आणि खुद्द सेक्रेटरींच्या सासूबाई पाऊण तास लिफ्टमध्ये अडकल्या. वय ऐंशी, अंधार, आणि बाहेर संगमरवरावर उभं राहून धीर देणारे आम्ही सगळे. त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांचे हात थरथरत होते. कुणाच्या तोंडून शब्द फुटेना. वाटलं, आता तरी तारा बदलतील. दुसऱ्या दिवशी वायरमनला बोलावलं गेलं आणि काय सांगितलं गेलं असेल? ‘फ्यूज सारखा उडतो, जाड तार घाल.’

फ्यूज हा त्या अख्ख्या इमारतीतला एकमेव सभासद, ज्याने खरी परिस्थिती वेळेवर कळवली. त्याला बक्षीस काय, तर हकालपट्टी. त्याच्या जागी असा जाडजूड माणूस नेमला, जो कितीही तापलं तरी तोंड उघडणार नाही. वायरमन बिचारा चांगला होता. त्याने सांगून पाहिलं, की साहेब, मग फ्यूजऐवजी भिंतीतली तार जळेल. त्याला सांगण्यात आलं, की तू तुझं काम कर. तो ते न करता निघून गेला. त्या माणसाला मी रस्त्यात भेटला तर नमस्कार करतो. पुढे दुसरा वायरमन मिळाला. असा दुसरा नेहमी मिळतो.

तेव्हा मी फळीखालच्या तारांवर एवढा जीव का टाकतो, याचं उत्तर मला ‘छंद’ म्हणून देता येत नाही. माझ्या हयातीत ज्या वायरिंगची संपूर्ण जबाबदारी माझ्या हातात आली, असं जगात हे एकच आहे. सोसायटीत माझं एक मत. शहरात तेवढंही नाही. या चोवीस चौरस फुटांत मात्र रुपया कुठेही ठेवा, पुरवठा तुटतो.

आणि ‘कोण बघतंय’ या प्रश्नाला जगात काही ठिकाणी फार चोख उत्तरं मिळाली आहेत. जर्मनीत हॅम्बुर्गला ब्राउन बंधूंनी २००१ साली मिनियाटूर वुंडरलँड नावाचं प्रदर्शन उघडलं. याच आपल्या एच-ओ मापात डोंगर, शहरं, बंदरं, विमानतळसुद्धा. तिथे पडद्यामागची बाजू दाखवायच्या वेगळ्या फेऱ्या असतात, त्यांचं तिकीट वेगळं. म्हणजे खालचं कोण बघतंय, तर पैसे मोजून लोक बघताहेत! अमेरिकेत एमआयटीमध्ये १९४६ साली विद्यार्थ्यांचा मॉडेल रेल्वे क्लब निघाला. त्यातही दोन तट. एक डोंगर-देऊळवाल्यांचा, दुसरा ‘सिग्नल्स अँड पॉवर’वाल्यांचा. हे दुसरे कायम फळीखाली, टेलिफोन एक्स्चेंजमधल्या रिले आणि स्विचं जोडत बसलेले. पुढे हीच मंडळी कॉम्प्युटरकडे वळली, आणि आज ‘हॅकर’ हा जो शब्द पेपरात वाचून आपण बँकेचा पासवर्ड बदलतो, तो त्यांच्याच बोलीतून बाहेर पडला. त्यांच्या तोंडी तो शिवी नव्हता, शाबासकी होती. फळीवरच्या डोंगरांचं पुढे काय झालं कोण जाणे. फळीखालच्यांनी जग बदललं.

लांब कशाला, पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. तिथे जाऊन आलेली मुलं घरी येऊन सर्कस सांगतात, उड्डाणपूल सांगतात, दिवे लागलेलं गाव सांगतात. सांगू देत, मुलांचा तो हक्क आहे. बरोबर गेलेल्या बापाने मात्र एवढं विचारावं, की इतक्या गाड्या एकमेकींना न धडकता फिरतात कशा? या प्रश्नाचं उत्तर डोंगरात नाही.

खालचं बघणारा आणखी एक माणूस आहे आणि तो फार महत्त्वाचा आहे. दहा वर्षांनी रात्री अकरा वाजता, तोंडात बॅटरी धरून, बिघाड शोधत त्या तारांखाली जो उताणा पडेल, तो बघतो. तो कोण असेल, ते आज ठाऊक नसतं. त्याच्यासाठी लाल ती लाल आणि काळी ती काळी ठेवायची, त्याच्यासाठी चिठ्ठ्या लावायच्या. त्याने आपल्याला बघितलेलं नसतं, पण आपण कसे होतो हे त्याला दोन मिनिटांत कळतं. आपल्या पाठीमागे आपल्याबद्दल खरं बोललं जाण्याच्या जागा फार थोड्या, त्यातली ही एक.

तेव्हा वाचकहो, कुणाच्या घरी रेल्वेची फळी बघायला गेलात, तर डोंगराचं कौतुक जरूर करा, माकडं मोजा, देवळाला हात जोडा. मग गुडघ्यांना विचारून हळूच खाली वाका. तारा सरळ, रंगवार, चिठ्ठ्यांसकट दिसल्या, तर दुसरा चहा मागायला हरकत नाही. खाली शेवयांचा गुंता दिसला, तर पहिलाच चहा संपवून उठा, यजमानांचे आभार माना, आणि त्यांच्या इमारतीला लिफ्ट असली तरी जिन्यानेच उतरा.